न उधळलेली दालचिनी

तीर्थरूप स्तामेन मामांना,

तुमच्या थोरल्या बहिणीच्या थोरल्या आणि सध्या भयंकर भडकलेल्या मुलाचा, म्हणजे स्पासचा, डेन्मार्कहून नमस्कार. समोर असतो तर रीतीप्रमाणे तुमच्या हाताला ओठ लावले असते. इथे एकदा सवयीने शेजारच्या म्हातारीच्या हाताला ओठ लावायला वाकलो, तर तिला वाटलं माझं काहीतरी खाली पडलं, आणि तीही बिचारी माझ्याबरोबर जमिनीवर शोधायला लागली. तेव्हापासून मोठ्यांना मान मी पत्रातूनच देतो. तुमचा गुडघा कसा आहे? गेना मामीने मीठ कमी केलं का? (केलं नसणार, मला इथे बसून कळतं.) द्राक्षांची छाटणी आटोपली का, डुकरीण व्याली का, आणि चर्चच्या छपरासाठी जमवलेल्या पत्र्यांतून पाद्रीबाबांनी आधी स्वतःचं कोंबड्यांचं खुराडं शाकारलं हे खरं का? सगळं सविस्तर कळवा. मी अंगाने ठणठणीत आहे. डोकं तेवढं ठिकाणावर नाही.

मामा, मी परत येतोय. कायमचा. गिरणीवाल्या किरोला माणूस हवा होता ना? त्याला सांगून ठेवा की स्पास येतोय, पोती उचलेल, पीठ खाईल, पण पुन्हा या सभ्य लोकांच्या देशात पाऊल टाकणार नाही. आईला इतक्यात काही बोलू नका. फोनच केला असता, पण तुमच्या घरी फोन वाजला की मामी तो स्पीकरवर टाकते, आणि मग मी इथे शिंकलो तरी कुंपणापलीकडून कुणीतरी 'जिवंत रहा' म्हणतं. म्हणून लिहितोय. पत्र लांबेल. तुम्हाला सध्या दुसरं काम काय आहे म्हणा.

तुम्ही म्हणाल, या पोराला झालं काय? कुणी मारलं? पगार बुडवला? शिवी दिली? तेच तर सांगतोय मामा, कुणी शिवी देत नाही! आलो तेव्हा एकवीस वर्षांचा होतो, आता पंचविशी उलटली, आणि एवढ्या काळात या देशात मला एका माणसाने गाढव म्हटलेलं नाही. आपल्या गावात मी सकाळी पाव आणायला गेलो तरी परत येईपर्यंत निदान चौघांनी म्हटलेलं असायचं.

पहिली नोकरी ख्रिसमसच्या झाडांची होती. इथे ती झाडं शेतात गव्हासारखी ओळीने लावतात, माणसाच्या उंचीची झाली की कापतात आणि जाळीत कोंबून देशोदेशी पाठवतात. हे सगळं नोव्हेंबरात, गुडघाभर चिखलात. मालक स्वतः गाडीतून गरम कॉफी घेऊन यायचा. मालक आला की मी उभा राहून टोपी काढायचो, आपल्याकडे काढतात तशी. त्याला वाटायचं माझी टोपी भिजली, तो दुसरी कोरडी टोपी द्यायचा. मी आभार मानायला तीही काढायचो, की तिसरी हजर. असं करत हंगाम संपेपर्यंत माझ्याजवळ टोप्यांचं दुकान झालं, पण त्या माणसाला माझं नाव काय हे एकदाही विचारावंसं वाटलं नाही. (आज ज्या टोपीत तुम्ही कोंबड्यांना दाणे टाकता ती त्यातलीच.) तिथे सगळे आपल्याच बाजूचे, बल्गेरियन आणि रोमेनियन. डेनिश माणूस म्हणजे तो एक कॉफीवाला. डिसेंबरात झाडं संपली, आम्हीही संपलो.

दुसरी नोकरी मिंकांची. मिंक म्हणजे मांजराहून लहान, उंदराहून लांब आणि आपल्या पोस्टमास्तराहून चिडकं जनावर. त्याच्या कातडीचे कोट करतात. माझं काम पिंजऱ्यांत खाणं टाकायचं आणि खालची घाण काढायची. ती जनावरं चावायची मामा, हातमोज्यातून चावायची. पण खोटं कशाला बोलू, त्यांनी कधी दुजाभाव केला नाही. मालकाला जितक्या मनापासून चावायची तितक्याच मनापासून मला. वासाचं मात्र विचारू नका. बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही, पण इथे बसमध्ये कुणीच कुणाच्या शेजारी बसत नाही, त्यामुळे मला हिवाळाभर कळलंच नाही की वास माझा आहे. कळलं ते वसंतात, एका लहान पोरीने बसमध्ये नाक दाबून मला बोट दाखवलं तेव्हा. तिच्या आईने तिला दटावलं आणि माझी माफी मागितली. माफी! अहो, ती एकटी पोर खरं बोलली, तिलाच गप्प केलं.

मग ही तिसरी नोकरी, जिच्यापायी हे पत्र. राउनबेक नावाच्या या गावात खिडक्या-दारं बनवायचा कारखाना आहे. काम चांगलं, लाकडाचा वास चांगला, आणि मी ते शिकलोही झटकन, तुमच्या गॅरेजात हात वळले होते ना. मुकादम फ्लेमिंग, अंगाने अस्वल आणि मिशीने झाडू. माझ्या शेजारच्या यंत्रावर रासमुस, माझ्याच वयाचा, उंच आणि वेंधळा. कचेरीत बिर्टेबाई, जी सगळ्यांचे पगार, सुट्ट्या आणि सर्दी सांभाळते. आणखी डझनभर माणसं. दुपारी सगळे एकाच टेबलावर जेवतात, मालकसुद्धा. काळा पाव, त्यावर कलेजीचा लगदा, त्यावर काकडी. असो, तेही पचवलं.

पण त्या टेबलावर ही माणसं एकमेकांना काय बोलतात, तुम्ही ऐकायला हवं! जीव हरखून जातो. रासमुस फ्लेमिंगला म्हणतो, "म्हाताऱ्या, तुझं पोट एक दिवस करवतीत जाणार, आणि आपण महिनाभर चरबी पुसत बसणार." फ्लेमिंग म्हणतो, "तुझ्या बापाने तुझ्याऐवजी कुत्रा पाळला असता तर निदान घराची राखण झाली असती रे." सगळे खिदळतात, बिर्टेबाईसुद्धा. मला वाटतं, आता माझी पाळी. मी पाठ ताठ करतो, मान पुढे काढतो. आणि फ्लेमिंग माझ्याकडे वळतो, मिशी पुसतो, आवाजात मध ओततो आणि म्हणतो, "स्पास, तुला लोणी पोचलं ना?"

लोणी! मामा, माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. बिशपशी बोलावं तसे बोलतात माझ्याशी. 'स्पास, तुला वेळ असेल तर.' 'स्पास, तुझी हरकत नसेल तर.' अरे, मी नोकर आहे, हरकत कसली घेतोय! मागे एका शाळेच्या झाडून सगळ्या खिडक्यांना मी बिजागऱ्या उलट्या बाजूला ठोकल्या. (आदल्या दिवशी आईचा फोन आला होता, माझ्यासाठी कुणी मुलगी पाहिली म्हणून. हात जागेवर नव्हते.) फ्लेमिंग आला, पाहिलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "हं. वेगळा विचार आहे." आणि स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्या शेजारी बसला, काढायला. त्याच दिवशी रासमुसने पेन्सिल चुकीच्या खणात ठेवली, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. मी संडासात जाऊन बादलीला लाथ घातली. तुमच्या गॅरेजात मी लहानपणी ट्रॅक्टरच्या टाकीत पाणी ओतलं होतं तेव्हा तुम्ही पाना फेकून मारला होतात, आणि संध्याकाळी त्याच हाताने माझ्या ताटात मांसाचा सगळ्यात मोठा तुकडा वाढला होतात. याला म्हणतात घरचं माणूस. पाहुण्याला कुणी पाना मारत नाही.

आता दालचिनीचं सांगतो, म्हणजे तुम्हाला माझा राग समजेल. या लोकांत रीत आहे की माणूस पंचवीस वर्षांचा झाला आणि लग्न झालेलं नसलं, की त्या वाढदिवशी मित्र आणि कामावरची माणसं त्याला पकडतात, खांबाला बांधतात, अंगावर पाणी ओततात आणि वरून दालचिनीची पूड उधळतात. चिमूटभर नव्हे, बादल्या. माणूस नखशिखांत तपकिरी होतो आणि आठवडाभर केकसारखा वास मारत हिंडतो. कशासाठी, ते त्यांनाही धड सांगता येत नाही. पण ज्याला उधळत नाहीत तो त्यांचा कुणी नाही, एवढं मला न सांगता कळलं.

गेल्या शरद ऋतूत रासमुसला उधळलं. कारखान्याच्या आवारात दिव्याचा खांब आहे, त्याला चिकटपट्टीने गुंडाळला. तो लाथा झाडतोय, ओरडतोय, "हरामखोरांनो, सोडा!" आणि तोंडभर हसतोय. डोळ्यांत जाऊ नये म्हणून आधी पोहण्याचा चष्मा लावला. (इथे अत्याचारसुद्धा नियमाने होतो, सुरक्षेचा माणूस बाजूला उभा असतो.) फ्लेमिंगने पाण्याचा पाइप धरला, बिर्टेबाईने पहिली मूठ उधळली, मग नुसता धुरळा. आणि मी? मला त्यांनी रासमुसचं जाकीट आणि फोन सांभाळायला दिला. "स्पास, तुझे कपडे खराब व्हायचे, तू इथे लांब उभा रहा." मी लांब उभा राहिलो. हातात जाकीट घेऊन, लग्नघरच्या वाढप्यासारखा. आठवडाभर रासमुस त्या वासात असा मिरवला की जणू राजाने पदक दिलंय, आणि मी मनात ठरवलं, मार्चमध्ये माझी पंचविशी आहे. या खांबाला मी बांधला जाणार. मग पाहू कोण लोणी विचारतं.

तेव्हापासून मी दुसरा कसला विचार केला नाही. आईने त्या मुलीचा विषय नाताळात पुन्हा काढला, मी तो मार्चच्या पुढे ढकलला. (कारण तेव्हा सांगितलं नव्हतं, आता तुम्हाला कळलं. आईला कळू देऊ नका, ती दालचिनी घरात आणायची बंद करेल.) बिर्टेबाईला मी माझी जन्मतारीख या ना त्या निमित्ताने इतक्यांदा सांगितली की तिने मला काही आजार आहे का विचारलं. स्वतःच्या पैशाने पोहण्याचा चष्मा घेतला. आणि फेब्रुवारीत तर पक्कंच झालं, कारण फ्लेमिंगने मला खुद्द विचारलं. रंधायंत्र सुरू होतं, दोघांच्या कानांवर आवाज अडवणारी झाकणं होती, त्याने माझ्याकडे पाहून बोटांनी काहीतरी भुरभुरवल्याची खूण केली, भुवया वर केल्या: करायचं का? मी मोठ्ठा होकार दिला. अगदी मनापासून. तो थोडा वेळ पाहत राहिला आणि गेला. त्या दिवशी मी रूळ नसलेल्या गावात रेल्वे आणल्यासारखा घरी आलो.

वाढदिवस आला. मी सगळ्यात फाटका शर्ट आणि मिंकांच्या काळातली पँट घातली, कारण वाया जायचे ते जुने जाऊ देत. पहाटे उठून पांढऱ्या चीजचा पापुद्र्यांचा बनित्सा भाजला. (इथे ज्याचा वाढदिवस त्यानेच खायला न्यायचं असतं.) टेबलावर त्यांनी कागदी झेंड्यांची रांग लावली होती. माझ्यासाठी उभे राहून गाणं म्हटलं. बनित्सा चाटूनपुसून खाल्ला, प्रत्येकाने उठून माझ्याशी हात मिळवला आणि फ्लेमिंगने सगळ्यांच्या वतीने भेट दिली: डेन्मार्कमधल्या पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक. मी म्हटलं, वा, बेसावध करताहेत. दिवसभर कुणी माझ्या मागून गेलं की मी अंग सैल सोडायचो, पकडायला सोपं जावं म्हणून. साडेतीन वाजले, भोंगा झाला. माणसं हात धुऊन, जाकिटं घालून, "मजेत घालव बरं का स्पास" म्हणत सायकलींवर बसली आणि गेली.

मला वाटलं, फेरी मारून येतील, आणि मी जाऊन त्या खांबाखाली उभा राहिलो. मामा, तुमचा भाचा, खिशात चष्मा आणि बगलेत पक्ष्यांचं पुस्तक घेऊन, भर थंडीत खांबाला पाठ टेकून उभा होता, कुणीतरी येऊन बांधावं म्हणून! आली फक्त बिर्टेबाई. गाडीची काच खाली करून म्हणाली, "स्पास, बस चुकली का रे? सोडू का तुला?" मी म्हटलं, नको. ती गेली. आणि दुसऱ्या दिवशी तिने माझ्यासाठी पिशवीभरून तिच्या नवऱ्याचे शर्ट आणले, कारण माझा शर्ट पाहून तिला रात्री झोप लागली नव्हती.

हे शर्ट पाहिल्यावर मात्र माझं डोकं फिरलं. तसाच ती पिशवी घेऊन फ्लेमिंगकडे गेलो आणि यंत्र बंद करून सगळ्यांसमोर ओरडलो. डेनिश भाषा रागात चांगली येते, हे मला तेव्हा कळलं. म्हटलं, मी काय कुष्ठरोगी आहे? रासमुसला उधळता आणि मला पक्षी दाखवता? लग्न माझंही झालेलं नाही! पंचवीस माझीही झाली! तीन वर्षं तुमच्याबरोबर तो कलेजीचा लगदा खाल्ला, तो काय लोण्यासाठी?

फ्लेमिंग कानापर्यंत लाल झाला. "पण मी तुला विचारलं होतं," तो म्हणाला. "रंध्याजवळ. तू नाही म्हणालास."

"मी? नाही म्हणालो?"

"असं केलंस." आणि त्याने डोकं आडवं हलवलं. या खांद्याकडून त्या खांद्याकडे, दमदार, दोनदा.

मामा, घात मानेने केला. आपण 'हो' म्हणायला डोकं आडवं हलवतो, हे लोक उभं हलवतात. जगातली निम्मी माणसं म्हणे उभंच हलवतात, जग गेलं उडत. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. आल्यावर पहिल्याच महिन्यात समजलं होतं आणि तेव्हापासून मी मानेला लगाम घालून त्यांच्यासारखं उभं हलवत आलोय. पण काळजाला हात घालणारा प्रश्न आला आणि मान गावाकडची हलली. आणि फ्लेमिंग सांगत होता, दालचिनी आणून ठेवली होती. दोन बादल्या, रंगाच्या कपाटात. मी नाही म्हटल्यावर सगळ्यांना वाईट वाटलं, त्यांना वाटलं की मला त्यांच्या रीती रानटी वाटतात. बिर्टेबाईने तर परदेशी लोकांची समज असलेल्या कुणा मैत्रिणीला फोन करून विचारलं, तिने सांगितलं, दुसऱ्याच्या संस्कृतीचा मान राखा. म्हणून पक्षी.

तुम्ही म्हणाल, मग चूक तुझी की रे गाढवा. नाही! मुळीच नाही! तीन वर्षं शेजारी बसलेल्या माणसाने माझी मान पाहिली आणि तोंड पाहिलं नाही? माझे दात दिसत होते मामा, इतका मी हसत होतो! एकाने तरी म्हणायचं होतं, मसणात गेली त्याची संस्कृती, बांधा साल्याला! रासमुस तर लाथा झाडत 'सोडा, सोडा' ओरडत होता, त्याचं कुणी ऐकलं? त्याचं 'नाही' कुणी विचारात घेतलं नाही आणि माझं 'हो'सुद्धा कायद्याने तपासलं. हाच फरक आहे आणि हाच मला झोंबतोय.

मी म्हटलं, ठीक आहे, मग आता उधळा. हा मी, हा खांब. फ्लेमिंगने मान खाली घातली. म्हणाला, "दिवस गेला ना रे. ते त्याच दिवशी करतात." मी म्हटलं, कुठे लिहिलंय? म्हणाला, लिहिलेलं नाही, पण असंच करतात. खांबाला माणूस बांधताना यांना लाज नाही, तारीख उलटली की मात्र नीतिमत्ता आठवते! ती दालचिनी वाया जाऊ नये म्हणून बिर्टेबाईने आता दर शुक्रवारी तिचे पाव भाजून आणायला सुरुवात केलीय. म्हणजे दर शुक्रवारी बारा-पंधरा माणसं माझी दालचिनी कॉफीत बुडवून खातात आणि मलाही आग्रह करतात. परवाच्या शुक्रवारी मी म्हटलं, फ्लेमिंग, मी नोकरी सोडतो. तो म्हणाला, "रागात ठरवू नकोस स्पास. सोमवारपर्यंत शांत विचार कर, तुला जे योग्य वाटेल त्याचा आम्ही आदर करू."

आदर! बस्स, संपलं. उद्याच सोमवार, उद्या कागद त्याच्या हातात देतो. या लोकांच्या आदराखाली मी गुदमरून मरेन. किरोला सांगा, महिनाअखेर येतो.

मामींना नमस्कार, डुकरिणीला दाणा, आणि पाद्रीबाबांना काहीच नाही.

तुमचा, निदान अजून तुमचा,
स्पास

ता. क. पत्र टपालात पडलं नाही, काल रविवार होता आणि तिकिटं नव्हती. बरं झालं. किरोकडे जाऊ नका. आज राजीनाम्याचा कागद खिशात घालून कामावर गेलो. डोकं तापलेलं, हातात ड्रिल, समोर ओकच्या लाकडाचा भारी दरवाजा, कुणा डॉक्टरच्या घराचा. कुलपाचं भोक मी बिजागरीच्या बाजूला पाडलं, आरपार. फ्लेमिंग आला. भोकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, मी म्हटलं आता हा म्हणणार वेगळा विचार आहे. पण त्याची मिशी थरथरायला लागली, आणि मामा, तो फुटला! "अरे बल्गेरियन गाढवा! डोळे आहेत की बटणं शिवलीत आईने? दार दोन्हीकडून उघडायचं का डॉक्टरने? तुझ्या गावात घरांना दारं तरी असतात, की तुम्ही धुराड्यातून आत पडता? तीन वर्षं तुला सहन करतोय, तुझा तो खारट केक गिळतोय, आणि हे फळ?" सगळी यंत्रं बंद पडली. रासमुसने टाळ्या वाजवल्या. फ्लेमिंग स्वतःच घाबरला, हात पुढे करून म्हणाला, "स्पास, मला असं..." मी तिथेच लाकडांवर बसलो, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि म्हटलं, "माफी मागितलीस तर हातोडा घालीन. ते गाढवाचं पुन्हा म्हण." त्याने म्हटलं. राजीनाम्याच्या कागदावर मी डॉक्टरच्या दाराची मापं लिहून घेतलीत. तो दरवाजा माझ्या पगारातून जाणार आहे, आणि बनित्साला खारट म्हणणाऱ्याला मी बघून घेणार आहे. पण किरोला नाही म्हणून सांगा.

दुसरा ता. क. आईने पाहिलेली मुलगी चांगलीच असेल, माझी ना नाही, पण तो विषय तुम्ही तुमच्या परीने लांबवा. इथे तिशीपर्यंत लग्न झालं नाही तर दालचिनीच्या जागी मिरपूड उधळतात आणि दारात तेलाची पिंपं एकावर एक रचून मिरपुडीची ताडमाड डबी उभी करतात. फ्लेमिंग जेवताना म्हणाला, "तुझ्यासारख्याला बायको कोण देणार, पिंपं आतापासून जमवतो. करायचं का?" मी दोन्ही हातांनी डोकं घट्ट धरलं आणि तोंडाने 'हो' म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

तिसरा ता. क., आणि पत्र खरं यासाठी लिहिलं, बाकीचं मध्ये घुसलं. मामा, गेल्या उन्हाळ्यात आलो होतो तेव्हा तुमच्या तळघरात माझ्या हातून प्लमच्या दारूचा तो मोठा काचेचा बुधला फुटला. लेकीच्या लग्नासाठी तुम्ही राखून ठेवलेला. तुम्ही धावत खाली आलात. मी खांदे वर केले, डोळे मिटले आणि वाट पाहिली. आणि तुम्ही म्हणालात, "असू दे स्पास, होतं असं. तुझे बूट भिजले नाहीत ना?" वर आलो तर मामीने पाद्रीबाबा जेवायला आले की काढतात ते नक्षीचं कापड टेबलावर अंथरलेलं, आणि मला खिडकीजवळची खुर्ची. मी जेवलो, छान झालंय म्हटलं, आणि दोन दिवस आधीच विमान पकडलं. आईला कोणतं कारण सांगितलं ते आठवत नाही. नंतर तुमची पत्रंही आली ती 'आदरणीय भाचेबुवा' अशी. मामा, फ्लेमिंग परका माणूस आहे, त्याला शिकायला तीन वर्षं लागली, मी समजू शकतो. तुम्हाला तर येत होतं! तुम्ही कसे विसरलात? मी डेन्मार्कला कामाला आलोय, मेलो नाही, पाहुणा तर मुळीच झालो नाही. तेव्हा या पत्राचं उत्तर पहिल्या ओळीपासून नीट शिव्या घालून लिहा. कारणं वर भरपूर दिली आहेत, कमी पडली तर मामीला विचारा. जुलैत येतोय. आलो की आधी तळघरात जाणार, आणि जे हाताला लागेल ते फोडणार. काय बोलायचं ते आत्तापासून ठरवून ठेवा.